'आमच्याकडे ज्यूद्वेष नाहीच' म्हणणाऱ्या सरकारचा कागद कसा वाचायचा

आमच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक होती. त्यात बाबांनी जपून ठेवलेले 'सोव्हिएत देश'चे अंक, गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, शिवाय मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं जी तेव्हा अगदी स्वस्तात मिळायची. बाबा पक्के कॉम्रेड, आणि ते मनापासून सांगायचे की तिकडे वंशभेद कायद्यानेच संपवलाय, ज्यू माणसाला त्रास देणं हा तिकडे गुन्हा आहे. पुढे मी रशियन शिकले, जुनी वर्तमानपत्रं वाचायला लागले आणि हळूहळू लक्षात आलं की बाबा खोटं बोलत नव्हते, त्यांच्या हातात आलेला कागदच तसा बनवलेला होता. म्हणून हे लिहितेय. असा कागद तुमच्याही हातात येतो, कधी जुन्या मासिकात, कधी "बघा, स्टालिननेच ज्यूद्वेषाचा निषेध केला होता" असं म्हणून कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला, तर तो वाचायचा कसा एवढंच सांगायचंय.

आधी एक अडचण जी खास आपली आहे. कोकणातले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे, मराठी बोलणारी माणसं, शेकडो वर्षं आपल्यात राहिली आणि ज्यू आहेत म्हणून त्यांच्या वस्त्या कोणी जाळल्या नाहीत. चांगलीच गोष्ट आहे, पण त्यामुळे ज्यूद्वेषाची भाषा आपल्या कानाला ओळखीची नाही. जातीची मात्र आहे. "पूर्ण नाव काय तुमचं?" हे कोणी कशासाठी विचारतंय ते आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. तोच कान इथे लावायचा.

सगळ्यात आधी बघायचं ते मसुदा आणि छापील प्रत. जिथे दोन्ही मिळतात तिथे दोन्ही शेजारी ठेवा, बाकी सगळं नंतर. माझ्यासाठी सगळं फिरवणारं उदाहरण बाबी यारचं. ही किव्ह शहरातली घळ. २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ ह्या दोन दिवसांत नाझींनी तिथे ३३,७७१ ज्यू गोळ्या घालून मारले, हा आकडा मारणाऱ्यांनीच बर्लिनला कळवलेला आहे. किव्ह परत जिंकल्यावर सोव्हिएत सरकारच्या चौकशी आयोगाने अहवाल तयार केला. डिसेंबर १९४३ च्या मसुद्यात साधारण असं आहे: हिटलरच्या दरोडेखोरांनी ज्यू लोकांची सामूहिक कत्तल केली, २९ सप्टेंबरला सगळ्या ज्यूंनी मेल्निकोव्ह आणि दोक्तेरेव्ह रस्त्यांच्या कोपऱ्यावर कागदपत्रं, पैसे, दागिने घेऊन यावं असा त्यांनी हुकूम लावला, मग त्यांना बाबी यारला नेलं, सामान काढून घेतलं आणि गोळ्या घातल्या. फेब्रुवारी १९४४ च्या, वरून दुरुस्त होऊन आलेल्या प्रतीत: हिटलरच्या दरोडेखोरांनी हजारो शांतताप्रिय सोव्हिएत नागरिकांना मेल्निकोव्ह आणि दोक्तेरेव्ह रस्त्यांच्या कोपऱ्यावर आणलं, बाबी यारला नेलं, सामान काढून घेतलं आणि गोळ्या घातल्या.

हे दोन्ही हळू वाचा. 'ज्यू' गेला हे लगेच दिसतं, पण मला त्याहून जास्त लागलं ते हुकूम गेल्याचं. मसुद्यात लोक स्वतः चालत आले, कारण भिंतीवर त्यांच्यासाठी हुकूम लागला होता, कागदपत्रं आणि पैसे आणायला सांगितलं होतं म्हणजे कुठेतरी दुसरीकडे पाठवतायत असं वाटून ते आले. छापील वाक्यात त्यांना कोणीतरी नुसतं "आणलं". रस्त्यांची नावं जशीच्या तशी राहिली, तो कोपरासुद्धा राहिला, आणि त्या कोपऱ्यावर हीच माणसं का उभी होती हे मात्र काढून टाकलं. आणि गंमत म्हणून नाही, गांभीर्याने सांगते, छापील वाक्यातला एकही शब्द तसा खोटा नाहीये. मेलेले सोव्हिएत नागरिकच होते, पुढे त्याच घळीत युद्धकैदी, रोमा, युक्रेनी लोकही मारले गेले. म्हणून पकडायला अवघड जातं. खोटं शोधत बसलात तर काही सापडणार नाही, गाळलेलं शोधा.

ही गाळणी एकदा लागली की चाळीस-चाळीस वर्षं चालते. नाझींनी ज्यूंचं काय केलं ह्याच्या साक्षी एरेनबुर्ग आणि ग्रॉसमन ह्या सोव्हिएत लेखकांनी युद्धात गोळा केल्या, पुस्तक जुळणीपर्यंत गेलं आणि १९४८ मध्ये छपाईसाठी जुळवलेले खिळे मोडून टाकले. १९६१ साली येव्तुशेन्कोने बाबी यारवर कविता लिहिली, तिथे स्मारक नाही हीच तिची सुरुवात, संगीतकार शोस्ताकोविचने ती १३ व्या सिंफनीत घेतली आणि डिसेंबर १९६२ मधल्या पहिल्या प्रयोगानंतर थोड्याच दिवसांत कवीला ओळी बदलाव्या लागल्या, इथे रशियन आणि युक्रेनीही पडलेत असं घालावं लागलं. १९७६ मध्ये एकदाचं मोठं स्मारक उभं राहिलं त्यावर पुन्हा सोव्हिएत नागरिक आणि युद्धकैदी. ज्यूंची आठवण म्हणून मेनोरा, म्हणजे त्यांची सात फांद्यांची समई, तिथे उभी राहिली ती थेट २९ सप्टेंबर १९९१ ला.

आता उलटा प्रकार. वर ज्यू असल्याचं लपवलं, कारण तो मारला गेलेला होता. जेव्हा तो आरोपी असतो तेव्हा काय होतं बघा, तेव्हा कंसाकडे लक्ष द्या. २८ जानेवारी १९४९ ला 'प्रावदा'त, म्हणजे सोव्हिएत पक्षाच्या मुखपत्रात, देशद्रोही नाट्यसमीक्षकांच्या एका गटावर लेख आला आणि तिथून "बेवारशी कॉस्मोपॉलिटन", म्हणजे कुठल्याच मातीशी इमान नसलेल्या, लोकांविरुद्ध मोहीम पेटली. पूर्ण मोहिमेत "ज्यू" म्हणायची गरजच नव्हती. टोपणनावाने लिहिणाऱ्यांची नावं छापताना शेजारी कंसात जन्मनाव द्यायला लागले: खोलोदोव्ह (मेयेरोविच), याकोव्लेव्ह (होल्त्समन). वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळलं. आपल्याकडे कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर हे कोणी प्रेमानेच सांगतं. पण समजा एखाद्या पेपरने ठरवून फक्त एकाच जातीच्या कवींची खरी आडनावं कंसात छापायला घेतली, तेही "गद्दार" ह्या मथळ्याखाली, तर आपल्यापैकी कोणाला ते समजावून सांगावं लागेल का. म्हणजे यादी दिसली की मोजा: कंस कोणाला लागलाय, कोणाला नाही. रशियनांनीही टोपणनावं घेतलीच होती की, गॉर्कीचं खरं आडनाव पेश्कोव्ह होतं, ते असं कोणी कंसात टोचत नव्हतं.

प्रागमध्ये १९५२ च्या नोव्हेंबरात कम्युनिस्ट पक्षाचा माजी सरचिटणीस रुडॉल्फ स्लान्स्की आणि इतर मिळून १४ जणांवर खटला चालला, त्यातले ११ ज्यू. आरोपपत्रात त्यांच्या नावापुढे "ज्यू वंशाचा" असं जोडलेलं, उरलेल्या तिघांपुढे चेक किंवा स्लोव्हाक. चौदापैकी ११ जणांना ३ डिसेंबरला फाशी दिली, त्यात ते तिघेही होते. त्यानंतर त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष गोटवाल्डने पक्षाच्या परिषदेत सांगितलं की झायोनिझमविरुद्धच्या (ज्यूंचा स्वतःचा देश हवा ह्या चळवळीविरुद्धच्या) लढ्याचा ज्यूद्वेषाशी काही संबंध नाही, ज्यूद्वेष तर रानटी वंशवाद आहे.

इथे थांबून नीट विचार करावा लागतो कारण हीच जागा सगळ्यात घसरडी आहे. इस्राएलवर टीका म्हणजे ज्यूद्वेष असं मी म्हणत नाहीये, झायोनिझमला विरोध करणारे ज्यूच कितीतरी होते, पूर्व युरोपात बुंद नावाचा ज्यू कामगारांचा अख्खा पक्ष त्या विचाराच्या विरोधात होता. तर मग ओळखायचं कसं? मी एकच विचारते: हा शब्द माणसाच्या मतावर पडलाय की त्याच्या आजी-आजोबांवर? स्लान्स्की आणि मंडळी आयुष्यभर कट्टर कम्युनिस्ट, झायोनिझमच्या विरोधातच. १९४८ मध्ये इस्राएलला शस्त्रं चेकोस्लोव्हाकियाने विकली ती मॉस्कोच्या संमतीने, आणि इस्राएलला मान्यता देणाऱ्या पहिल्या देशांत सोव्हिएत युनियन होता. मग चार वर्षांत झायोनिस्ट कोण ठरले, तर धोरण ठरवणारे नाही, ठराविक आई-बापांच्या पोटी जन्मलेले.

पोलंडमध्ये १९६८ ला तर हे इतकं उघडं पडलं की वाचताना अंगावर येतं. त्याआधी १९ जून १९६७ ला पक्षप्रमुख गोमुल्का भाषणात "पाचवी फळी", म्हणजे देशात राहून शत्रूला फितूर असलेले, असं बोलून गेला, ऐकणाऱ्यांनी ऐकलं, छापताना मात्र ते शब्द गाळले. (परत तेच, बोललेलं आणि छापलेलं जुळवून बघा.) जानेवारी १९६८ च्या शेवटी वॉर्सात मिकिएविचचं नाटक बंद पाडलं, ८ मार्चला विद्यापीठात विद्यार्थी जमले, पोलिसांनी झोडपलं आणि मग पेपरांत ज्या विद्यार्थ्यांची नावं आली ती निवडून अशी की वाचल्यावर ज्यू आडनावं कळावीत. विशीतली पोरं ती, पोलिश सोडून दुसरी भाषा धड न येणारी, कितीतरी जणांच्या घरी ज्यू सणही पाळत नव्हते. कारखान्यांतून सभा भरवल्या, हातात फलक दिले "झायोनिस्टांनो झायोनला जा". एका ठिकाणी फलकावर चुकून झायोनऐवजी सयाम, म्हणजे थायलंडचं जुनं नाव, लिहिलं गेलं, झायोनिस्टांनी सयामला जावं म्हणे, म्हणजे फलक धरणाऱ्याला तो शब्द काय आहे हेच माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की कोणाला हाकलायचंय.

पुढच्या तीनेक वर्षांत सुमारे १३,००० माणसं गेली. सरकार म्हणत होतं ज्याला जायचंय तो आपल्या मर्जीने जातोय. त्या मर्जीचा कागद बघा: जायचं तर नागरिकत्व सोडायचा अर्ज, इस्राएलला जातोय असं लिहून द्यायचं, आणि हातात पासपोर्ट नाही तर एक प्रवासाचा दाखला ज्यात लिहिलेलं की हा बाळगणारा पोलिश नागरिक नाही. कुठल्या देशाचा आहे ते त्यात नव्हतंच. वॉर्साच्या ग्दान्स्की स्टेशनावरून गाड्या सुटायच्या. राजीनामा असो, अर्ज असो, "स्वखुशीने" हा शब्द दिसला की त्याच्या आधीच्या महिन्याचे पेपर काढून वाचायचे, ही सवय मला ह्या एका दाखल्यामुळे लागली.

आता कायद्याचा मुद्दा, बाबांचा आवडता. १२ जानेवारी १९३१ ला स्टालिनने खरंच लिहून दिलंय की ज्यूद्वेष हा नरभक्षणाचा उरलासुरला अवशेष आहे आणि सोव्हिएत कायद्यात सक्रिय ज्यूद्वेष्ट्याला मृत्युदंड आहे. पण ते कोणाला लिहिलं बघा, अमेरिकेतल्या ज्यू वृत्तसंस्थेच्या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर. 'प्रावदा'त छापून आलं ३० नोव्हेंबर १९३६ ला, जवळजवळ सहा वर्षांनी. कोणतंही असं वाक्य सापडलं की बघा ते परक्यांसाठी होतं की घरच्यांसाठी.

झारच्या काळात निदान उघड होतं. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेला ज्याचं नाव आहे तो वाल्देमार हाफकिन ओडेसाचा, ज्यू म्हणून त्याला तिकडे प्राध्यापकी मिळाली नाही आणि का मिळाली नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोव्हिएत काळात असा कुठलाच नियम तुम्हाला दाखवता येणार नाही, म्हणून नियम शोधू नका, फॉर्म शोधा. फॉर्मवर पाचवा रकाना असायचा, राष्ट्रीयत्व, त्यात रशियन, युक्रेनी, जॉर्जियन तसंच ज्यू. "पाचव्या रकान्याचा अपंग" असं लोक ज्यू माणसाला आपापसात म्हणायचे. १९७०-८० च्या दशकांत मॉस्को विद्यापीठाच्या गणित विभागात प्रवेशाच्या तोंडी परीक्षेला ठराविक मुलांना वेगळं बसवून वेगळी गणितं द्यायचे, उत्तर दोन ओळींचं पण ते परीक्षेच्या वेळात सुचणं जवळपास अशक्य, त्या गणितांना मुलं शवपेट्या म्हणायची. एडवर्ड फ्रेंकेल, जो पुढे बर्कलीत प्राध्यापक झाला, त्याने १९८४ च्या स्वतःच्या परीक्षेचं सांगितलंय. वर्तुळाची व्याख्या विचारली. तो म्हणाला एका बिंदूपासून सारख्या अंतरावर असलेल्या, प्रतलातल्या बिंदूंचा संच. चूक, परीक्षक म्हणाला, "सगळ्या" बिंदूंचा संच. सोळा वर्षांचा मुलगा. आणि अशा वेळी कागदावर काय राहतं? फार तर एवढं, की उमेदवाराला साधी व्याख्या आली नाही. तेव्हा "गुणवत्तेवर नाकारलं" असं जिथे लिहिलंय तिथे प्रश्न काय विचारला होता ते मिळतंय का बघा, आणि शेजारच्या खोलीत काय विचारलं होतं ते.

अजून एक, सरकार नेहमी एखादा ज्यू माणूसच पुढे उभा करतं. ४ मार्च १९७० ला मॉस्कोत पत्रकार परिषद झाली, नावाजलेले ज्यू कलावंत आणि अधिकारी रांगेत बसवले, त्यात बॅलेरिना माया प्लिसेत्स्कायासुद्धा होती. १९८३ ला झायोनिझमविरोधी समिती काढली तिचा अध्यक्ष जनरल द्रागुन्स्की, 'सोव्हिएत युनियनचा वीर' हा किताब दोनदा मिळालेला, ज्याच्या घरची माणसं नाझींनी मारलेली. ह्या लोकांना शिव्या घालू नका, त्या खुर्चीत बसायला नाही म्हणायची किंमत काय होती हे त्यांना माहीत होतं. बघायचं एवढंच की ती खुर्ची मांडली कोणी, आणि तोच माणूस उद्या उलटं बोलला तर तेही छापतील का.

पाहुण्यांसाठी अंगण झाडून ठेवणं हा प्रकार नाझींनीही केला, ज्यांनी आपला द्वेष कधी लपवला नाही असं आपण समजतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्या काढल्या, उंच उडीतली ज्यू खेळाडू ग्रेटेल बेर्गमान सरावात ठेवली आणि अमेरिकेचा संघ जहाजात बसल्यावर तिला कळवलं की निवड झाली नाही. जून १९४४ मध्ये रेडक्रॉसला तेरेझिनचा घेटो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, दाखवला, बागा, दुकानं, मुलांचं खेळणं, आणि गर्दी कमी दिसावी म्हणून त्याआधी मे महिन्यात साडेसात हजार माणसं आउश्वित्झला पाठवून दिलेली. त्यामुळे भेटीचा अहवाल वाचताना भेटीच्या आधीचा महिना वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आणि एक चूक टाळा, जी मी सुरुवातीला केली. सोव्हिएत तुरुंगात गेलेला प्रत्येक ज्यू हा ज्यूद्वेषाचा बळी, असं धरून चाललं की सगळं बिघडतं. १९३७-३८ ला पोलिश, जर्मन, रशियन, कोणालाही सोडलं नाही, आणि पकडणाऱ्यांतही ज्यू होते. एका नावावरून काही सिद्ध होत नाही, शब्दांची निवड, गाळलेलं वाक्य, एकाच प्रकारच्या नावांची यादी, हे दोन-तीन धागे एकत्र आले तरच बोला.

करून बघायचं असेल तर 'प्रावदा'चे तीन अंक पुरेत. सोलोमन मिखोएल्स हा यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) रंगभूमीचा मोठा नट, युद्धात ज्यू फॅसिझमविरोधी समितीचा अध्यक्ष. जानेवारी १९४८ मध्ये मिन्स्कजवळ एका बंगल्यात सुरक्षा खात्याच्या माणसांनी त्याला मारलं, प्रेत रस्त्यावर टाकून ट्रकखाली गेल्याचा देखावा केला आणि मॉस्कोत सरकारी इतमामाने अंत्ययात्रा काढली. पहिला अंक हा, श्रद्धांजलीचा. ह्याच समितीतल्या १३ जणांना १२ ऑगस्ट १९५२ ला गुपचूप गोळ्या घातल्या, त्यात पेरेत्झ मार्किश, बेर्गेलसन असे कवी-लेखक. खटल्याचा न्यायाधीश चेप्त्सोव्हच वर जाऊन म्हणाला होता की पुरावा नाही, तपास परत करा, त्याला नाही म्हणून सांगितलं. ह्यातलं काहीच 'प्रावदा'त सापडणार नाही, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या अंकाच्या मधली जागा कोरीच आहे.

दुसरा अंक १३ जानेवारी १९५३. नऊ डॉक्टरांची नावं, त्यातले सहा ज्यू, सोव्हिएत नेत्यांना औषधोपचारातून मारल्याचा आरोप, आणि सूचना कुठून आल्या तर "ज्यू बुर्झ्वा राष्ट्रवादी" मिखोएल्सकडून. पाच वर्षांपूर्वी ज्याला हारतुऱ्यांनी निरोप दिला तोच. यादीत पहिलं नाव वोव्सी, हा मिखोएल्सचा चुलतभाऊ, मिखोएल्सचं मूळ आडनावही वोव्सीच.

मग ५ मार्चला स्टालिन गेला, आणि तिसरा अंक ४ एप्रिल १९५३. आता यादी पंधरा डॉक्टरांची, अटक बेकायदा होती, जबाब दडपणाखाली घेतले होते, सगळे निर्दोष. जानेवारीत आरोप म्हणून जो "ज्यू" शब्द मोठ्याने छापला तो निर्दोष ठरवताना गृहखात्याच्या निवेदनात कुठेच नाही. दोन्ही याद्या पेन घेऊन एकेक नाव जुळवत वाचा. एप्रिलच्या यादीत प्राध्यापक एतिंगर यांचं नाव आहे आणि खाली लिहिलंय की ह्या सर्वांची कोठडीतून सुटका झाली आहे. एतिंगर २ मार्च १९५१ ला लेफोर्तोवो तुरुंगात वारले होते.